सह्याद्री वाहिनी, वरळीचा मनोरा आणि तुमचा फोन: सार्वजनिक टीव्ही चालतो कसा?

फोनवर सह्याद्री वाहिनी लाइव्ह लावली की डेटा संपायला लागतो. १९८५ साली बोरिवलीच्या एखाद्या चाळीत संध्याकाळच्या मराठी बातम्या लागायच्या तेव्हा काय संपायचं? काहीच नाही. त्याच वेळी त्याच बातम्या अंधेरीत लागायच्या, घाटकोपरला लागायच्या, मुलुंडला लागायच्या. पाहणारे शंभर असोत की पन्नास लाख, वरळीच्या मनोऱ्याला त्याने काडीचाही फरक पडत नव्हता. बफरिंग हा शब्द कुणाला माहीतच नव्हता. पडद्यावर मुंग्या मात्र यायच्या, त्या का ते पुढे बघू.

हा फरक नुसता जुन्या आणि नव्या जमान्याचा नाही. ही दोन वेगळी तंत्रं आहेत. एकात सगळ्यांना एकदम पाठवतात, दुसऱ्यात प्रत्येकाला वेगळं पाठवतात. सार्वजनिक टीव्ही पहिल्या तंत्रावर उभा राहिला आणि आता हळूहळू दुसऱ्यावर सरकतोय.

सार्वजनिक म्हणजे सरकारी का?

तसं समजलं जातं, पण व्याख्या वेगळी आहे. खासगी चॅनेल मालकाचं असतं आणि जाहिरातीवर किंवा वर्गणीवर चालतं. सरकारी चॅनेल सरकारचं खातं चालवतं. सार्वजनिक प्रसारक या दोन्हींच्या मधला: पैसा लोकांचा, कारभार कायद्याने बनवलेल्या स्वतंत्र मंडळाचा आणि काम असं की ज्यात नफा नाही तेही दाखवायचं. शेतीची माहिती, शाळेचे धडे, कमी लोक बोलतात त्या भाषेतले कार्यक्रम, वादळाचा इशारा वगैरे. ब्रिटनची बीबीसी हे याचं सगळ्यात माहितीतलं उदाहरण.

आपल्याकडे दूरदर्शन १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत प्रयोग म्हणून सुरू झालं, तेही आकाशवाणीचा एक भाग म्हणून. १ एप्रिल १९७६ ला ते आकाशवाणीपासून वेगळं झालं, पण राहिलं सरकारचं खातंच. स्वायत्त मंडळ करायचा प्रसार भारती कायदा संसदेने १९९० मध्ये केला आणि मग तो सात वर्षं नुसता कागदावर पडून राहिला. दरम्यान ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या एका खटल्यात सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. प्रसार भारती प्रत्यक्षात आली नोव्हेंबर १९९७ मध्ये. आज दूरदर्शन आणि आकाशवाणी दोन्ही तिच्याखाली आहेत.

कागदावर स्वायत्त असली तरी तिचा बराचसा खर्च केंद्र सरकारच्या अनुदानातून चालतो. त्यामुळे बातम्यांमध्ये सत्तेवर असलेल्या पक्षाला झुकतं माप मिळतं ही तक्रार काँग्रेसच्या काळात होती, आजही आहे. तक्रारीत तथ्य आहे. फक्त तेवढ्यावरून अख्खं सार्वजनिक प्रसारणच निरुपयोगी ठरवणं बरोबर नाही, कारण बातम्यांच्या बाहेर त्याचं काम फार मोठं आहे.

वरळीचा मनोरा

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. वरळीत दूरदर्शन केंद्राच्या आवारात ३०० मीटर उंचीचा लोखंडी मनोरा आहे. इतका उंच मनोरा हौसेसाठी बांधलेला नाही, त्यामागे भूगोल आहे.

टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे ठरावीक अंतरानंतर त्या जमिनीला सोडून वर निघून जातात. मनोरा जितका उंच तितकं हे अंतर जास्त. हिशेब सोपा आहे: उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा आणि त्याला साधारण ४.१ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये येतं. ३०० चं वर्गमूळ सुमारे १७.३. म्हणजे मनोऱ्याच्या टोकावरून सुटलेली लहर सपाट भागात साधारण ७० किलोमीटरपर्यंत पोचू शकते. वरळीपासून अंधेरी आणि घाटकोपर सरळ रेषेत साधारण १२ किलोमीटर, मुलुंड २३, बोरिवली २४. सगळी उपनगरं आरामात आत बसली. त्यापलीकडे पुण्याला मात्र मधला सह्याद्री आडवा येतो, म्हणून तिथे १९७३ मध्ये सिंहगडावर वेगळं सहक्षेपण केंद्र उभारावं लागलं.

आता गच्चीवरचा अँटेना. जुन्या फोटोंमध्ये तो माशाच्या काट्यासारखा दिसतो. त्याचं नाव यागी-उडा, १९२० च्या दशकात जपानच्या उडा आणि यागी या दोन संशोधकांनी काढलेला. मधल्या एका दांडीला केबल जोडलेली असते. तिच्या मागची दांडी किंचित लांब असते आणि आरशासारखं काम करते. पुढच्या दांड्या किंचित आखूड असतात, त्या लहरींना मधल्या दांडीकडे वळवतात. त्यामुळे हा अँटेना एकाच दिशेने नीट 'ऐकतो'. म्हणूनच बोरिवली आणि अंधेरीच्या गच्च्यांवरचे अँटेना जवळजवळ सरळ दक्षिणेला तोंड करून असायचे, तर मुलुंड-घाटकोपरचे नैर्ऋत्येला. तोंड वरळीकडे, मग तुम्ही कुठेही असा.

वाऱ्याने अँटेना फिरला की चित्र गेलं. मग घरातला एकजण गच्चीवर, दुसरा जिन्यात, तिसरा टीव्हीसमोर आणि "आलं का? आलं का?" ही आरोळी. आईबाबांना विचारा, ते अभिनय करून दाखवतील.

मुंग्या येण्याचं कारणही इथेच आहे. ते प्रक्षेपण ॲनालॉग होतं. सिग्नल कमी झाला की चित्र एकदम जात नसे, हळूहळू खराब होत जायचं. एखाद्या उंच इमारतीवर आपटून तोच सिग्नल थोडा उशिरा आला की पडद्यावर माणसाशेजारी त्याचंच भूत उभं राहायचं. डिजिटलमध्ये हा मधला प्रकार फारसा नसतो. ठरावीक पातळीच्या वर सिग्नल असेल तर चित्र स्वच्छ, खाली गेला की चौकोन चौकोन होऊन बंद.

सुरुवातीला चित्र कृष्णधवल होतं. रंग आले १९८२ मध्ये: १५ ऑगस्टला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई खेळांसाठी लोकांनी रंगीत सेट घेतले. १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती आल्या होत्याच.

आणि हो, हे सगळं अगदी फुकटही नव्हतं. रेडिओसारखाच टीव्हीलाही परवाना लागायचा, पोस्टात जाऊन फी भरून त्याचं पुस्तक घ्यावं लागायचं. १९८५ च्या सुमारास ही पद्धत बंद झाली. म्हणजे आपल्याकडेही एकेकाळी बीबीसीसारखी फी होती. ती गेली आणि दूरदर्शन अनुदान आणि जाहिरात या दोनच खांबांवर उभं राहिलं.

मुंबई केंद्राने त्या काळात काय दाखवलं? शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं', विनोदी 'गजरा', चिं. वि. जोशींच्या लेखनावरची 'चिमणराव' मालिका, मुलांसाठी 'किलबिल'. स्मिता पाटील चित्रपटात येण्याआधी इथे मराठी बातम्या वाचायच्या. १९९४ मध्ये केंद्राच्या मराठी कार्यक्रमांना उपग्रहावर स्वतंत्र जागा मिळाली, नाव होतं डीडी-१०. पुढे तिचंच नाव सह्याद्री झालं.

मराठी बोलणारं आणखी एक बेट

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सगळी उपनगरं साष्टी बेटावर आहेत, म्हणजे तसे आपणही बेटवासीच. पण हिंदी महासागरात एक देशच बेट आहे आणि तिथल्या सार्वजनिक टीव्हीवर मराठीला जागा आहे. तो देश मॉरिशस.

एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर काम करायला कोकणातून, मुख्यतः रत्नागिरी भागातून, बरेच लोक मुंबई बंदरातून बोटीने तिकडे गेले. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात, गणपती बसवतात. तिथे शाळांमध्ये मराठी शिकवली जाते. देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. तुलनेसाठी, २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या साडेत्र्याण्णव लाख होती. म्हणजे त्या अख्ख्या देशाच्या सातपट माणसं आपल्या लोकलच्या दोन लाइनींवर राहतात.

तरीही टीव्ही तिथे आपल्याआधी आला. मॉरिशस ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन १९६४ मध्ये स्थापन झालं आणि १९६५ मध्ये टीव्ही सुरू झाला. मुंबईच्या सात वर्षं आधी, आणि त्या देशाला १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं त्याच्याही आधी. हे महामंडळ क्रिओल, फ्रेंच, इंग्रजी, भोजपुरी, हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी अशा अनेक भाषांत कार्यक्रम देतं.

आता जाहिरातदाराच्या डोक्याने विचार करा. मॉरिशसमध्ये मराठी समाज काही हजारांचा आहे. तेवढ्या प्रेक्षकांसाठी मराठी कार्यक्रम काढला तर साबणाची जाहिरात कोण देईल? बाजारावर सोडलं असतं तर तिथल्या पडद्यावर मराठी कधीच दिसली नसती. ती दिसते कारण तिथे भाषा दाखवणं हे सार्वजनिक प्रसारकाचं कामच आहे. त्याचा खर्च भागवायची पद्धतही मजेशीर होती. टीव्हीची फी वर्षानुवर्षं विजेच्या बिलातूनच घेतली जायची. वेगळं पोस्टात जायची कटकट नाही आणि बुडवायची सोयही नाही. लोक कुरकुरायचे, शिवाय बातम्या सरकारधार्जिण्या असतात ही तक्रार तिथेही आहेच.

डोंगराळ बेट असल्यामुळे मनोऱ्याची अडचण तिथेही आपल्यासारखीच: डोंगराच्या सावलीतल्या गावांसाठी वेगळी यंत्रणा हवी. पण देश छोटा असण्याचा एक फायदा असतो. थोड्याशा केंद्रांत अख्खा देश झाकला जातो. आपल्याला तेच करायला हजाराच्या वर केंद्रं लागली.

मनोऱ्यावरून उपग्रहाकडे

ती केंद्रं चालवायला वीज लागते, माणसं लागतात आणि त्या लहरींना आता दुसरे गिऱ्हाईकही आहेत, उदाहरणार्थ ५जी. प्रसार भारतीने २०२१ मध्ये जाहीर केलं की मार्च २०२२ पर्यंत मोक्याची सुमारे ५० ठिकाणं सोडून बाकीचे ॲनालॉग ट्रान्समीटर बंद होतील. पन्नास वर्षांची व्यवस्था गेली आणि शहरात कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही, कारण घरोघरी केबल किंवा डिश होती.

जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपणाचा एक प्रयत्न झाला होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने मुंबईसह १६ शहरांत डीव्हीबी-टी२ या पद्धतीने डिजिटल प्रसारण सुरू केलं. त्यात थेट फोनवर टीव्ही बघायची सोय होती! फोनला एक छोटा डोंगल लावायचा, त्याचा अँटेना बाहेर काढायचा, की इंटरनेटशिवाय दूरदर्शन. कल्पना चांगली होती. पण डोंगल वेगळा विकत घ्यायचा, खिशात बाळगायचा, आणि त्यावर दिसणार मोजकी चॅनेलं. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि डोंगल किती जणांनी पाहिला असेल ते तुम्हीच स्वतःला विचारा.

त्यापेक्षा कितीतरी जास्त यशस्वी झाली फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली, पुढे नाव डीडी फ्री डिश झालं. एकदा डिश आणि बॉक्स घ्यायचा, नंतर महिन्याला शून्य रुपये. दूरदर्शनच्या वाहिन्या असतातच, शिवाय खासगी चॅनेलं लिलावात बोली लावून जागा विकत घेतात. म्हणजे प्रेक्षकाऐवजी चॅनेल पैसे भरतं.

सिग्नल येतो जीसॅट-१५ या उपग्रहावरून. तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वीबरोबरच फिरतो म्हणून आपल्याला एका जागी थांबलेला वाटतो. मुंबईतून बघितलं तर तो आग्नेयेला दिसायला हवा. फोनमधला कंपास उघडा, साधारण १३० अंशाकडे तोंड करा आणि मान क्षितिजापासून ५७ अंश वर करा. तिथे तो आहे. दिसणार अर्थातच नाही.

याचा उपनगरातल्या फ्लॅटवाल्याला थेट उपयोग आहे. गॅलरी किंवा खिडकी आग्नेयेला, निदान पूर्वेला किंवा दक्षिणेला उघडी असेल तर डिश तिथेच बसू शकते. समोर बिल्डिंग असेल तर हिशेब करा: ती दहा मीटरवर असेल तर तुमच्या खिडकीच्या वर सुमारे १५ मीटर, म्हणजे पाच मजल्यांपर्यंत उंच असली तरी चालेल. त्याहून उंच टॉवर रिडेव्हलपमेंटमध्ये उभा राहिला की सिग्नल गेला. मग गच्ची, आणि गच्ची म्हटली की सोसायटीची मीटिंग.

एक गोष्ट मात्र आपण बदलात गमावली. मनोऱ्यावरून येणाऱ्या लहरी लांब होत्या, मीटरमध्ये मोजण्याएवढ्या. पावसाच्या थेंबांचं त्यांना काही वाटायचं नाही. उपग्रहाच्या लहरी दोन-तीन सेंटिमीटरच्या आहेत आणि त्यांना जोराचा पाऊस गिळतो. म्हणून जुलैत धो धो कोसळायला लागलं की डिशवर 'नो सिग्नल' येतं. मुंबईकराला बातम्यांची सगळ्यात जास्त गरज नेमकी तेव्हाच असते!

मॅच एकीकडे दिसते, दुसरीकडे नाही. का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट चित्र खासगी हक्कधारकाला प्रसार भारतीला द्यावंच लागतं. दुसरीकडे १९९५ च्या केबल कायद्यानुसार केबलवाल्याला दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवाव्याच लागतात. दोन्ही जोडले तर मॅच सगळीकडे फुकट दिसायला हवी. हक्कधारक कंपन्या न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे वाटून घेतलेलं चित्र दूरदर्शनने फक्त स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणात आणि फ्री डिशवर दाखवायचं. म्हणून महिन्याला तीनशे रुपये भरणाऱ्या घरात दूरदर्शनवर मॅचच्या जागी दुसरंच काही असतं आणि शून्य रुपये भरणाऱ्या घरात मॅच चालू असते. हे विचित्र वाटतं, पण तर्क सरळ आहे. कायदा ज्याला चॅनेल परवडत नाही त्याच्यासाठी आहे.

फोनवर आल्यावर काय बदललं

आज सह्याद्री फोनवर बघायचे दोन सोपे मार्ग आहेत. एक यूट्यूब, जिथे डीडी सह्याद्री आणि डीडी सह्याद्री न्यूज ही चॅनेलं आहेत. दुसरा वेव्हज, प्रसार भारतीचं स्वतःचं ॲप, जे २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात इफ्फीच्या वेळी सुरू झालं. त्यावर लाइव्ह वाहिन्या आणि दूरदर्शनच्या जुन्या मालिका आहेत. जुन्या गोष्टी हव्या तेव्हा बघता येणं हा इंटरनेटचा खरा फायदा. मनोऱ्यावर 'गजरा' चुकला की चुकला.

आता दुसरी बाजू. समजा चित्र ३ एमबीपीएस वेगाने येतंय. तासाला ३६०० सेकंद, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सुमारे १.३५ जीबी. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर तासाभरात दिवसाचा खेळ संपला. हे झालं तुमचं. नेटवर्कचं काय? अंधेरी स्टेशनवर ५०० जण तेच थेट प्रक्षेपण बघत असतील तर मोबाइल टॉवरला तेच चित्र ५०० वेळा वेगवेगळं पाठवावं लागतं, १५०० एमबीपीएस. वरळीच्या मनोऱ्याने ते एकदाच पाठवलं असतं.

हा फरक एरवी जाणवत नाही. जाणवतो तो वाईट दिवशी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उपनगरांत पाणी शिरलं, ठिकठिकाणी वीज गेली, मोबाइल लागेनात. लाखो माणसं रस्त्यात अडकली आणि घरच्यांना पत्ता नाही. घरातला टीव्हीही विजेअभावी बंद. त्या रात्री कामाला आला तो बॅटरीवर चालणारा रेडिओ, कारण त्यात प्रसारणाचे दोन्ही गुण होते: एकच लहर सगळ्यांना आणि घेणारं यंत्र खिशात मावणारं.

घरी बसलेल्यांचंही उदाहरण आहे. २०२० मध्ये कोरोनात शाळा बंद होत्या. ऑनलाइन तास फोन असणाऱ्यांचे, तोही डेटा असेल तर. एका घरात तीन भावंडं आणि एक फोन ही परिस्थिती उपनगरातल्या वस्त्यांमध्ये सर्रास होती. जुलैत सह्याद्रीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली. टीव्ही असला की झालं. वाचकांपैकी काहीजण तेव्हा सहावी-सातवीत असतील आणि त्यांनी ती बघितली असेल.

फोन, पण इंटरनेटशिवाय

मग प्रसारणाचा गुण आणि फोनची सोय एकत्र नाही का आणता येणार? डायरेक्ट टू मोबाइल, थोडक्यात डी२एम, हा तोच प्रयत्न आहे. आयआयटी कानपूर, बंगळूरची सांख्य लॅब्स आणि प्रसार भारती यावर काम करत आले आहेत. कल्पना अशी: टीव्हीच्या मनोऱ्यावरून ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात डिजिटल सिग्नल सोडायचा आणि फोनमधल्या वेगळ्या चिपने तो थेट पकडायचा. सिम नको, डेटा नको. दिल्ली, नोएडा, बंगळूर इथे चाचण्या झाल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने १९ शहरांत चाचण्या घ्यायचं बोलून दाखवलं.

अडचण चिपची आहे. तुमच्या हातातल्या फोनमध्ये ती जवळपास नक्की नाही. ती घालायची तर फोन महाग होतो, अँटेनाला जागा लागते, बॅटरी खाते, असं मोठ्या फोन आणि चिप कंपन्यांचं म्हणणं आहे. डेटा विकणाऱ्या कंपन्यांना हे का आवडणार नाही हे सांगायला नको. २०२५ मध्ये लाव्हा आणि एचएमडी यांनी अशा साध्या, स्वस्त फोनची घोषणा केली, म्हणजे सुरुवात महागड्या स्मार्टफोनपासून होणार नाही असं दिसतं. माझं मत विचाराल तर मालिका बघायला डी२एमची फारशी गरज नाही, त्याला वायफाय आहे. पूर, वादळ, परीक्षा आणि मोठी मॅच या चार वेळांसाठी मात्र ते हवं.

एक छोटा नमुना तुमच्या फोनवर आधीच येऊन गेलाय. २०२३ मध्ये एका दिवशी सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले होते आणि पडद्यावर सरकारी चाचणीचा संदेश आला होता, आठवतंय? ते सेल ब्रॉडकास्ट होतं. टॉवरने नंबर शोधून प्रत्येकाला एसएमएस केला नाही, एकदाच ओरडून सांगितलं आणि त्याच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनांनी ऐकलं. फक्त मजकूर होता, चित्र नव्हतं. तत्त्व वरळीच्या मनोऱ्याचंच.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्र सरकारने फोन कंपन्यांना सांगितलं की फोनमधला एफएम रेडिओ बंद करून ठेवू नका, आपत्तीत तो कामाला येतो. बऱ्याच फोनांत एफएमची चिप असते, फक्त ॲप दिलेलं नसतं. तुमच्या फोनमध्ये 'एफएम रेडिओ' नावाचं ॲप आहे का ते आजच बघा. असेल तर ड्रॉवरमधला जुना वायरवाला इअरफोन टाकून देऊ नका, त्याची वायर हाच त्या रेडिओचा अँटेना असतो. इंटरनेटवरून चालणारी रेडिओची ॲपं यात धरू नका, ती नेटवर्कबरोबरच बंद पडतात. एअरप्लेन मोड लावून ऐकून बघा. आवाज आला तर तो हवेतून आलाय.